ओ देण्यापुरती जागा

आकारामनं नवं गाणं रचलं आणि डोक्याला ताप करून घेतला. ताप गाण्याचा नव्हता, नाथाजीमामाचा होता. तमाशाच्या फडात उभी हयात घातलेला हा ढोलकीवाला. फलटणपासून सांगलीपर्यंतच्या जत्रा त्यानं गाजवल्या होत्या. पण म्हाताऱ्याला गप्प बसणं म्हणून ठाऊक नव्हतं.

गाणं थोरल्या भावाचं, अर्जुनाचं होतं. पलटणीबरोबर तो ब्रह्मदेशात लढायला गेला, तो परत आलाच नाही. तार आली, पुढं लढाईही संपली, पण आई, साळूबाई, रडली नाही. "येतोय त्यो," म्हणायची, आणि त्याचे दिवसही घालू देईना. समजावून समजावून आकारामची जीभ झिजली. गाण्यानं तरी तिला कळावं, एकदा तिनं मोकळं रडावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. प्रत्येक कडव्याच्या शेवटी आई हाक मारते, "अर्जुनाऽऽ!" आणि पुढं काहीच नाही. ओ येत नाही. सगळं गाणं त्या रिकाम्या जागेत होतं.

आणि नेमक्या त्याच जागेत नाथाजीमामा दणकून तोडा हाणायचा.

"मामा, हितं गप ऱ्हायाचं हाय!"

"गाण्यात भोक पडलं की माणसं उठून जात्यात, गड्या. रिकामी जागा दिसली की हात ऱ्हात न्हाई माजा."

"मग धरून बसा की हात!"

"बरं रं," म्हातारा म्हणायचा, आणि पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. ढोलकी उचलून विहिरीत टाकावी असं आकारामला वाटे; पण पंचक्रोशीत दुसरा ढोलकीवाला होता कुठं?

जत्रेत आकाराम स्वतः गायला उभा राहिला. साळूबाई बायकांत पुढंच बसली होती. पहिल्या हाकेवर मामानं तोडा हाणला. शिट्ट्या आल्या. दुसऱ्या हाकेवर फेटे उडाले. आकारामच्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्या वेळी त्यानं मामाकडं डोळे वटारून हाक दिली, "अर्जुनाऽऽ!" तरी म्हाताऱ्याचा हात उठलाच.

"आवं, थांबा की!" साळूबाई उभी राहून ओरडली. "त्याला ओ तरी दिऊ द्या!"

मामाचा हात वरच राहिला. जत्रा चिडीचूप झाली. साळूबाई वेशीकडं तोंड करून कान देऊन उभी होती. आकारामला हवी होती ती जागा मिळाली, आणि आता ती संपता संपेना.

"वाजवा, मामा," तो रडवेला होऊन म्हणाला. "पाया पडतो तुमच्या, वाजवा."

म्हाताऱ्यानं हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली.