पाण्यातलं वजन

"ह्या सुटाला कंबर म्हणून नाही. ज्यानं बेतला त्यानं माणूस कधी पाहिलाच नसावा. पाइप समोर ठेवून बेतलाय मेल्यानं."

पडद्याआड पुटपुटणं चाललं होतं. अलीकडे हातात टॉवेल आणि खांद्यावर थर्मासची पिशवी घेऊन मास्तरीणबाई उभ्या होत्या.

"अहो, हळू बोला. बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे. खांद्याची शिवण बघ कुठं आलीये. काखेत! गिऱ्हाइकानं हात वर केला की संपलं."

"गिऱ्हाईक आधी आत तर शिरू दे."

आतून एक हुंकार आला, मग रबर ताणल्याचा करकर आवाज, आणि शेवटी मास्तर बाहेर आले. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या रबरी सुटात. वर पिकलेले केस, नाकावर चष्मा. मास्तरीणबाईंनी तोंडाला टॉवेल लावला.

"हस. पोटभर हस."

"हसत नाहीये. खोकला आला."

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. बसथांब्यासमोर, पायरी चढून जायचं एवढंसं दुकान. त्यांचा उभा जन्म दुसऱ्यांच्या पँटी शिवण्यात गेला होता, आणि आता, गुडघे कुरकुरायच्या वयात, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. शिरवलं लेकीनं. लहानपणी मूठभर होती म्हणून तिला चिमणी म्हणायचे. आता दारात उभी राहिली की उजेड अडतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. चिमणी लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवते. संध्याकाळी दुकानात यायची, कापायच्या टेबलावर बसायची आणि खालच्या गमती सांगायची. मासे कसे उघड्या डोळ्यांनी झोपतात, ऊन कसं तिरपं तिरपं खाली उतरतं. मास्तर मान वर न करता मशीन चालवत राहायचे. ऐकतात की नाही, कळायचं नाही. एकदा चेन बसवता बसवता तोंडातली टाचणी काढून ते म्हणाले, "मला नेशील का गं?"

चिमणी टाचण्यांच्या डबीवर बसली होती, तरी तिला उठायचं सुचलं नाही.

त्याला आता बरेच महिने झाले. शहरातल्या पोहायच्या तलावात, खोल बाजूला, मास्तर सगळं शिकले. तोंडातून श्वास घेणं, पाण्यात लावायच्या चष्म्यात शिरलेलं पाणी नाकानं फुंकून काढणं, हातांच्या खुणा. अडलं ते एकाच ठिकाणी. पाण्याखाली माणूस आडवा, स्थिर राहिला पाहिजे, पलंगावर पालथा पडल्यासारखा. नाहीतर पाय तळाला लागतात, गाळ उठतो, खालचं नाजूक काहीबाही मोडतं. मास्तर आडवे झाले की त्यांचा डावा पाय हळूहळू वर निघायचा आणि मागोमाग सगळं अंग उजवीकडे कलायचं. एकीकडे सगळा माल भरलेल्या होडीसारखं.

रविवारी समुद्रात नाव जाणार होती. आज शेवटचा सराव.

"आडवं राहता आलं तर न्यायचं, नाही तर नाही," चिमणीनं सकाळीच आईला सांगितलं होतं. "बाप असला म्हणून काय झालं? दुसऱ्या कुणाला मी नेलं नसतं."

"मग त्यांना तसं सांग."

"सांगितलंय. 'बरोबर आहे' म्हणाले." बोलता बोलता चिमणीनं पिशवीची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली होती. "आई, त्यांनी ना, भांडायला तरी पाहिजे होतं."

तलावाच्या कडेला सामानाची कोठी होती. तिथल्या बाईंना सगळे कोठीवाली म्हणायचे. आवाज असा की पाण्याखालच्या माणसानंही वळून बघावं. आज तिनं कोठीतले सगळे फिन्स, म्हणजे पायात चढवायची ती बदकाच्या पायासारखी लांब पाती, बाहेर काढून जोडीजोडीनं मांडली होती. चपलांच्या दुकानात मांडतात तशी. शेजारी पाण्यानं भरलेला टब आणि हातात आकड्याचा ताणकाटा.

"या मास्तर! आज तुमचं लग्नच लावून टाकते एका जोडीशी."

"एक लावलंय, ते निभतंय तेवढं पुरे," मास्तर म्हणाले.

कोठीवालीनं एक पिवळा फिन काट्याला टांगला आणि टबात बुडवला. काटा शून्यावर येऊन बसला, आणि फिन वरच तरंगत राहिला. मग एक काळा, जाडजूड रबराचा. तो काट्यासकट तिचा हात खाली घेऊन गेला.

"बघा वहिनी. जमिनीवरचं वजन तुम्ही मला सांगू नका. मला पाण्यातलं सांगा. हे पिवळे पाय वर उचलतात, हे काळे खाली ओढतात. ज्याचे पाय तरंगतात त्याला काळे, ज्याचे बुडतात त्याला पिवळे. आणि हा सूट बघा," तिनं जुन्या सुटाचा एक तुकडा टबात टाकला. तो बुचासारखा वर आला. "नुसता फेस आहे हा. कितीही दाबा, वरच येणार."

मास्तरीणबाई त्या तरंगणाऱ्या तुकड्याकडे बघत राहिल्या. कुठंतरी काहीतरी टोचलं, पण तेवढ्यात मास्तर पाण्यात उतरले.

आधी काळी जोडी. दोन्ही पाय खाली गेले आणि मास्तर पाण्यात दिव्याच्या खांबासारखे उभे राहिले. शिवाय कललेले ते कललेलेच. मग पिवळी. डोकं खाली, पाय वर. मग मधली निळी. त्यात बाकी सगळं जमलं, पण डावा पाय उठला तो उठलाच. मास्तर वर आले आणि कडेला धरून धापा टाकू लागले.

"श्वास धरून ठेवताय, बाबा," चिमणी शेजारी वर येत म्हणाली.

"टाकी सरकली असेल एका अंगाला," कोठीवाली म्हणाली.

"सकाळी उजव्या कुशीवर झोपले होते," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि आपण हे काय बोललो असं त्यांनाच वाटलं.

"पाण्यातच काहीतरी आहे," मास्तर म्हणाले.

चौघंही पाण्याकडे बघू लागले. पायाकडे कुणी बघेना.

लहानपणच्या एका तापात मास्तरांचा डावा पाय मागं राहून गेला होता. जाडीनं उजव्याच्या निम्माच. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांची पँट धुवायला घेतली तेव्हा मास्तरीणबाईंच्या हाताला लागलं: डाव्या पायात आतून जास्तीचं अस्तर, इतकं सफाईनं बसवलेलं की बाहेरून दोन्ही पाय सारखे. त्यांनी ती पँट उलटी करून नीट वाळवली, इस्त्री केली, घडी घालून ठेवली. मास्तरांनी घडी बघितली, बायकोकडे बघितलं आणि चहा मागितला. विषय संपला. सुरू न होताच.

त्यांच्या धंद्याची रीतच ती. माप घेताना एखाद्याचा खांदा खाली दिसतो, एखाद्याचा हात आखूड असतो. मास्तर कधी बोलून दाखवत नाहीत. आत जरासा कापूस, जराशी दुमड, आणि गिऱ्हाईक आरशात बघून स्वतःवरच खूश. "सांगायचं नाही, शिवायचं," असं ते चिमणीलाही शिकवत आले. ती चांगली शिकली. घरात त्या पायाचं नाव कुणी काढलं नाही. चालताना ते जरा डोलतात, तर त्यालाही सगळे "मास्तरांची ऐट" म्हणत आले.

आणि आता मास्तरीणबाईंना आठवलं. सूट मिळाला त्या आठवड्यात "कंबरेत घ्यायचाय" म्हणून मास्तर तो घरी घेऊन आले होते. कंबर तर अजून ढगळच होती. मग दुपारभर बसून शिवलं काय? आणि कोठीवालीकडून ठिगळांसाठी मागून आणलेला तो फाटका जुना सूट, त्याचे तुकडे कुठं गेले?

टबात तो तुकडा अजून तरंगत होता.

"अहो," त्या उठल्या, "जरा आत या."

"आत्ता?"

"शिवण उसवलीये तुमची."

शिवण उसवली म्हटल्यावर मास्तर थांबणं शक्यच नव्हतं. पडद्याआड ते पाणी ठिबकवत उभे राहिले आणि मान वळवून पाठ बघू लागले. "कुठं?"

"उसवली नाही. उसवायचीये." त्यांनी थर्मासच्या पिशवीतून छोटी कात्री काढून पुढं धरली. टेलरच्या बायकोच्या पिशवीत रुमाल नसेल एक वेळ, कात्री असतेच. "तरंगतं ते, अहो. आत्ता टबात बघितलं मी. फेस असतो तो."

मास्तरांनी कात्रीकडे बघितलं. मग खाली. काळा रबरी डावा पाय, उजव्याशी तंतोतंत जुळणारा, त्यांच्या हातची उत्तम कामगिरी.

त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "टाके चांगले पडले होते गं."

"दिसत नाहीत म्हणजे चांगलेच."

"आंधळी शिवण घातली होती."

"माहितीये मला तुमची शिवण."

ते स्टुलावर बसले. टाके कापायचा कट कट आवाज येऊ लागला. मास्तरीणबाई पाठ करून उभ्या राहिल्या, पडद्याच्या कड्या मोजल्यासारख्या बघत. कट कट थांबली आणि मागून वेगळाच आवाज आला. त्यांनी घाबरून वळून बघितलं. मास्तर हसत होते. मांडीवर रबराच्या तुकड्यांचा ढीग, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते.

"एवढे महिने," ते म्हणाले, "एवढे महिने ती पोर माझा पाय खाली आणायला बघतेय, आणि मी आतून फुगा बांधून बसलोय!"

मग दोघंही हसली. बाहेरून कोठीवाली ओरडली, "शिवण उसवली की माणूस उसवला?"

मास्तर बाहेर आले तेव्हा सुटाचा डावा पाय ढिला झाला होता आणि आत काय आहे ते सरळ दिसत होतं. चिमणी एकदम टाकीचा पट्टा तपासू लागली. कोठीवालीला टबातलं पाणी बदलायची आठवण झाली.

या वेळी निळ्या फिन्समध्ये ते बरेच सरळ राहिले. पण बरेच. पाय हलकाच होता, त्यात मांस ते किती. थोड्या वेळानं तो पुन्हा उठू लागला, सावकाश, वर्गात हात वर करणाऱ्या भित्र्या मुलासारखा. चिमणी वर आली. तिनं चष्मा कपाळावर सरकवला. मग पायाकडे न बघता तिनं नकाराची मान हलवली.

मास्तर कडेला बसले. समोर जोड्या मांडलेल्या. ते त्यांच्याकडे गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, एक डोळा बारीक करून बघू लागले. मग हात लांब करून त्यांनी एक काळा उचलला. आणि दुसऱ्या टोकाचा एक निळा.

"मास्तर, जोडी मोडताय!" कोठीवाली म्हणाली.

"एका कापडातून दोन बाह्या वेगवेगळ्या मापाच्या बेतल्या तर कापड ओरडतं का?" त्यांनी काळा डाव्या पायात चढवला, निळा उजव्यात.

चिमणीनं काळ्या फिनचं पातं दाबून बघितलं. "पोहता येईल का पण? तो जड आहे, बाबा."

"ढकलायला उजवा आहे की. मशीन काय दोन्ही पायांनी चालवतो मी?"

ते खाली गेले. वरून नुसते बुडबुडे दिसत होते. कोठीवालीनं पोहायचा एक चष्मा मास्तरीणबाईंच्या हातात कोंबला. "वहिनी, डोकं घाला पाण्यात."

"मी? केस ओले होतील माझे!"

"वाळतील."

मास्तरीणबाई कडेला पालथ्या पडल्या, चष्मा लावला, नाक दाबलं आणि तोंड पाण्यात घातलं. खाली निळ्या उजेडात त्यांचा नवरा आडवा होता. हात समोर जुळवलेले, गुडघे किंचित वाकलेले, इस्त्री केलेल्या घडीसारखा सपाट. न डावीकडे, न उजवीकडे. समोर चिमणी तशीच आडवी, आणि दोघं एकमेकांकडे बघत तरंगत होते, हलत नव्हते. जमिनीवर हा माणूस इतका निश्चिंत उभा राहिलेला त्यांनी कधी बघितला नव्हता. मास्तरीणबाई ओरडल्या. पाण्यात. नाकातोंडात पाणी गेलं आणि कोठीवालीनं त्यांना पदर धरून वर ओढलं.

"रडताय की काय?"

"चष्म्यात पाणी शिरलं."

रविवारी नाव माणसांनी भरली होती. वारा, उन्हाची तिरीप, टाक्यांचा खणखणाट. मास्तर फळीवर बसून फिन्स चढवत होते, डाव्यात काळा, उजव्यात निळा. चिमणी शेजारी. मास्तरीणबाई समोर, केसांना रुमाल बांधून आणि थर्मास पोटाशी धरून. समोरच्या फळीवरचा एक अनोळखी, चांगल्या मनाचा माणूस पुढं वाकला आणि म्हणाला, "काका, घाईत गडबड झाली तुमची. फिन्स वेगवेगळे घातलेत."

मास्तरीणबाईंची बोटं थर्मासवर आवळली. चिमणी घाईघाईनं म्हणाली, "ते ना, ती एक नवीन पद्धत..."

मास्तरांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग पट्टा ओढून घट्ट केला आणि मान वर करून, सबंध नावेला ऐकू जाईल अशा आवाजात, गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले,

"गडबड नाही, मापाचे आहेत. माझा डावा पाय बारीक आहे."