मधोमध

"करवत आणलीत ना?" मास्तरांनी विचारले.

मिस्त्रींनी नुसती मान हलवली. करवत पिशवीत होती, पण ती बाहेर काढायला हात धजत नव्हता.

पक्ष फुटला होता आणि कार्यालयाची खोली सोडायला कुणीच तयार नव्हते. शेवटी मध्ये प्लायवुडची भिंत घालायची ठरले. रस्त्याकडची बाजू अध्यक्ष मास्तरांच्या गटाला, अंगणाकडची सरचिटणीस वकीलबाईंच्या गटाला. कपाटे, खुर्च्या सगळे भांडून वाटून झाले. राहिले बैठकीचे लांबलचक टेबल. मिस्त्रींनी ते ऐन तारुण्यात, पक्षात आल्या आल्या, हौसेने करून दिले होते. भाषण त्यांना कधी जमले नाही, टेबल मात्र जमले. त्यावर आजवर किती मुठी आपटल्या, पण एक सांधा हलला नव्हता.

"कापायच्या आधी एकदा त्याच्याभोवती बसून बोला तरी," मिस्त्री म्हणाले. "माझं एवढं ऐका."

भिडेखातर दोघे बसले, दोन टोकांना. मिस्त्री नेहमीसारखे मधोमध, आपल्या स्टुलावर. वेडी आशा त्यांना होतीच.

"बाई, तुमचंच चुकलं असं नाही म्हणत मी," मास्तरांनी घसा खाकरला.

"उपकार झाले! आणि हो, खणाची बाजू आमच्याकडे हं. आधीच सांगते."

"ती कशी काय? खण पहिल्यापासून माझ्या हाताशी!"

झाले! धोरण राहिले बाजूला आणि दोघे खणावरून हातघाईवर आले. त्या खणात सुतळीच्या गुंडाळ्याशिवाय काही नव्हते. मिस्त्रींना हसू आले. ते उठले, स्टूल बाजूला सारले आणि त्यांनी करवत काढली.

लाकूड कसदार, कापता कापता दमछाक झाली. मग भिंत उभी राहिली. पण अर्ध्या टेबलाला पाय दोनच. ते उभे कसे राहणार? मिस्त्रींनी दोन्ही अर्धी भिंतीला टेकवली आणि लोखंडी पट्ट्या लावून आरपार बोल्ट ठोकले.

"आम्ही आमच्या बाजूने बोल्ट काढले तर?" वकीलबाईंनी विचारले.

"दोन्हीकडचं खाली येईल," मिस्त्री म्हणाले.

मास्तरांनी टेबलावर टेकवलेले कोपर हळूच उचलले.

"मिस्त्री, उद्या बैठकीला या," अलीकडून मास्तर म्हणाले.

"आमचीही उद्याच आहे, मिस्त्रीकाका!" पलीकडून आवाज आला.

मिस्त्रींनी स्टूल उचलले. ठेवायचे कुठे ते समजेना. त्यांच्या जागेवर आता त्यांनीच ठोकलेली भिंत होती. स्टूल काखोटीला मारून ते घरी आले.

"हे कशाला आणलंत?" बायकोने विचारले.

"तिथं जागा नाही राहिली."

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग स्टुलावरचा भुसा पदराने पुसला आणि ते चुलीपाशी, स्वतःच्या शेजारी मांडले.

"बसा," ती म्हणाली.