ठकीच्या डोक्यावरचा हात

आत्याबाई हळदीकुंकवाहून परत आल्या तेव्हा ठकी त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तिच्या इवल्याशा कपाळावर कुणीतरी कुंकवाचं भलंमोठं बोट ओढलं होतं आणि मुठीत एक गुलाबाची पाकळी चुरगाळलेली होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"चैत्राचं हळदीकुंकू" म्हणून उकंडरावांच्या घरून बोलावणं आलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. लग्न होऊन या गावात आल्यापासून संक्रांतीचं हळदीकुंकू मी पाहिलं होतं. चैत्रातलं इथं कुणी केल्याचं ऐकलं नव्हतं. आणि शुक्रवारी लोकसभेचं मतदान होतं. उकंडराव माजी सरपंच. एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचं गावातलं सगळं काम त्यांच्याकडं. तिकडं दुसऱ्या पक्षानं शाळेच्या मैदानावर पोरांना क्रिकेटचे सामने लावून दिले होते, म्हणजे तेही काही मागं नव्हते. मी ठकीच्या झोपेचं निमित्त सांगून घरी थांबले. आत्याबाई मात्र तिला जागी करून, नवं झबलं घालून घेऊन गेल्या.

"काय झालं हो तिथं?" ठकीला झोळीत टाकत मी विचारलं.

"काय होणार? बाया जमल्या. वटी भरली. पन्हं दिलं, साखरच लई होती त्यात." त्यांनी माठातलं पाणी घेतलं. "अन् मंग रूपानं, उकंडरावाच्या मालकिणीनं, समद्यायला आपापल्या लेकरा-नातरावर हात ठेवून बोलायला लावलं."

"काय बोलायला?"

"की घरातली मतं त्यायच्याच उमेदवाराला."

"तुमी बोलल्या?"

"समद्या बोलल्या. म्या एकलीच कशी गप बसू? ठकी मांडीवर होती. तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् बोलले." त्या पाणी पिल्या, तांब्या पालथा घातला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुह्या मताचंबी बोलले."

झोळीची दोरी माझ्या हातातच राहिली.

खरं तर मला यात वाटण्यासारखं काही नव्हतं. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई मी. ठकी झाली तेव्हा तिला काळी तीट लावायची नाही म्हणून याच घरात भांडले होते. लेकराचं काही होतं ते दूध बाधून, ऊन लागून, डास चावून होतं, शब्दांनी होत नाही, हे मी गावभर सांगत फिरले होते. आणि आता माझा हात आपोआप झोळीत गेला आणि तिच्या कपाळावर टेकला. कपाळ जरा कोमट होतं. दात येऊन राहिले होते, सकाळपासूनच कोमट होतं. तरीही.

ठकीचे वडील सोमेश्वर सेनगावला कृषी केंद्रात कामाला. संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले.

"अगं, तुला पटतच न्हाई ना हे? मग टाक की तुला वाटलं त्याला. पेटी काय आईला सांगायला येणार हाय?"

"अहो, पण ठकी..."

"म्हणजे पटते?"

"नाही पटत."

"मग?"

मी उठून त्यांचं ताट वाढायला घेतलं.

मागल्या वेळी मी फार मनापासून मत दिलं होतं. सभेत संविधान हातात धरून बोलला होता तो माणूस. हिंगोलीला माहेरी होते तेव्हा, मी आणि माझी मैत्रीण उन्हात उभं राहून ऐकत होतो. बाईचं, गरिबाचं, कुणाला जातीवरून, धर्मावरून भिववायचं नाही असलं सगळं बोलला. माझ्या अंगावर काटा आला होता. तो माणूस आता दुसऱ्याच रंगाचा गमजा गळ्यात घालून, ज्यांना शिव्या देत होता त्यांच्याच मंचावर बसतो. ज्यांना सोडलं तेही त्याला गद्दार म्हणतात, पण त्यांच्याकडं परवापर्यंत तिसऱ्याच पक्षात असलेला माणूस उभा आहे. टीव्हीवर सगळे ओरडतात आणि ओरडणाऱ्याचा पगार कोण देतो ते कळत नाही. फोनमधल्या बचत गटाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता, कुठल्याशा गावात "त्या लोकांनी" काय केलं म्हणून. मी विचारलं, हे गाव कुठलं, कोणत्या तारखेचं? कुणीतरी लगेच देवाचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी शेजारची संगिता नळावर म्हणाली, "तू लई शंका घेऊन राहिलीस आजकाल. बाळंतपणानं झालं का काय?"

असेल. पण शंका घेण्यासारखं नाही असं काही मला दाखवा तरी. माझ्याच बाजूचे म्हणवणारे चांगलं बोलले की माझ्या मनात येतं, हे तरी कशासाठी बोलत असतील? एवढं सगळं गेल्यावर माझ्याकडं एकच गोष्ट उरली होती. बटण कुठलं दाबायचं ते मी ठरवणार, आणि ते कुणाला कळणार नाही. तेच आता ठकीच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं.

पेटी कुणाला सांगत नाही, हे उकंडरावांनाही माहीत होतं. म्हणून तर लेकरं साक्षीला बसवली.

आमच्याकडं अशी घेतलेली शपथ सुटायची एकच वाट. जिच्यापुढं घेतली तिनं तोंडानं "सुटली" म्हणायचं. लहानपणी आम्ही मैत्रिणी गळ्याची शपथ घालायचो आणि मग "सुटली म्हण, सुटली म्हण" करत एकमेकींच्या मागं पळायचो. तेच करायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीला कडेवर घेऊन उकंडरावांच्या घरी गेले. स्वतःची लाज वाटत होती, पण गेले.

अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातली होती. उकंडरावांच्या मालकीणबाई, रूपाकाकू, कडेला बसून त्यातले खडे वेचत होत्या.

"ये गं मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. मी घरी चार लेकरांची शिकवणी घेते, त्याचा हा टोमणा. "बाजूनं ये. हळद तुडवू नको."

"काकू, आत्याबाई काल ठकीवर हात ठेवून जे बोलल्या, ते सोडा. सुटली म्हणा."

रूपाकाकूंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग पदरात तोंड घालून हसल्या. "आगं माय! तू तर म्हणं देवबिव काहीच मानत न्हाईस!"

"मी नाही मानत. आत्याबाई मानतात."

"मंग तिला पाठव. बोलली ती, सोडवायलाबी तीच पाहिजे. दुसरीनं येऊन सुटती व्हय?"

"त्या आल्या तर म्हणाल?"

"म्हणीन की. शुक्रवारी समदं झालं की संध्याकाळी या, तव्हाच्या तव्हा म्हणते."

"मतदान झाल्यावर काय उपयोग, काकू?"

"तोच तर उपयोग हाय!" आणि त्या पुन्हा हसल्या, इतक्या उघड की मला त्यांचा राग येईना. आतापर्यंत या निवडणुकीत माझ्याशी खरं बोललेलं हे पहिलं माणूस होतं.

"बरं, कुणाला देणार हायस ते तरी सांग."

"तेच तर सांगायचं नसतं."

"बघ, म्हणजे तुला माह्यावर भरोसा न्हाई अन् मला तुह्यावर न्हाई. काहून भांडायचं मंग?" त्यांनी उठून ठकीचा गाल पिवळ्या बोटांनी धरला. "लेकरू लई गोड हाय गं. उन्हाचं फिरवू नको हिला."

ही माया होती की धमकी, याचाच विचार करत मी घरापर्यंत आले. ठकीच्या गालावर दोन पिवळी बोटं उमटली होती, ती ओल्या फडक्यानं पुसली तरी गेली नाहीत.

गावात बातमी माझ्या आधी पोचते. आत्याबाई दारातच उभ्या होत्या.

"माह्या आधी तू काहून गेलीस? आता रूपा नळावर सांगत बसंल, ह्या पार्वतीच्या शब्दाला तिची सूनच इचारत न्हाई म्हणून. काय तोंड राहिलं माझं?"

"आत्याबाई, तुमचं मत तुमी कुणालाही द्या. मी कधी विचारलं का?"

"मंग झालं की."

"पण माझं मत ठकीच्या डोक्यावर नका ठेवू. उद्या हिला साधी पडशी झाली तरी तुमी माझ्याकडंच बघणार. अन् तुमी नाही बघितलं तरी मीच माझ्याकडं बघणार. वर्षभर, दोन वर्षं, किती दिवस ते मलाबी माहीत नाही."

माझा आवाज चिरकला. ठकी घाबरून माझ्या तोंडाकडं बघायला लागली आणि मग तिनंही ओठ काढले. आत्याबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं, पाठीवर थोपटत अंगणात नेलं, आणि शुक्रवारपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलल्या. भाजीत मीठ टाकलं का, दूध उतू गेलं, एवढंच. त्या रागात आहेत की विचारात, मला काही अंदाज येईना. ठकीच्या कपाळावर मात्र त्यांचाही हात दिवसातून कितीदा तरी जायचा. आमचे दोघींचे हात तिथं एकदा एकमेकींना लागले, तर दोघींनीही काढून घेतले.

शुक्रवारी शाळेत बायकांची रांग व्हरांड्याच्या बाहेर कडुलिंबाखाली आली होती. ऊन तापायच्या आत उरकायचं म्हणून सगळ्या एकदमच आलेल्या. सोमेश्वर पुरुषांच्या रांगेत पुढं निघून गेले. मी ठकीला कडेवर घेऊन उभी होते, पुढं आत्याबाई, मागं संगिता तिच्या पोराला घेऊन. मला तोपर्यंत काय करायचं ते ठरवता आलं नव्हतं. ज्याला द्यायचं मनात होतं त्याचं चिन्ह आठवलं की हात ठकीच्या कपाळावर जायचा. आणि मन बदलून टाकू म्हटलं तर मग पुढच्या वेळी, त्याच्या पुढच्या वेळी, तिच्याच डोक्यावर हात ठेवून कुणीही माझ्याकडून काहीही करून घेईल. उद्या तिच्याकडूनसुद्धा.

रूपाकाकू आल्या आणि सगळ्यांकडं बघत, हसत, रांगेच्या शेवटाकडं निघाल्या. आमच्याजवळ आल्या तशी आत्याबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"रूपा, सुटली म्हण."

"काय वं वैनी?"

"ठकीवरची. म्या बोलले होते, मीच सोडवायला आले. सुटली म्हण."

"आता? हितं? संध्याकाळी म्हणते की."

"आता म्हण." आत्याबाईंचा आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या दोघीतिघी वळल्या. "दात येऊन राहिलेत लेकराचे. अंग गरम हाय. तुह्या माणसाच्या राजकारणापायी माह्या नातीवर शपथ ठेवतीस का तू? ठेवायची असंल तर तसं समद्यांपुढं सांग."

रूपाकाकूंनी आजूबाजूला पाहिलं. तिकडं उकंडराव फाटकाबाहेर उभे होते, त्यांना काही ऐकू जात नव्हतं. इकडं रांगेतल्या सगळ्या बायका बघत होत्या. कुणाच्या तरी लेकराचं वाईट चिंतणारी बाई म्हणून या गावात राहणं उकंडरावांच्या उमेदवाराच्या हरण्यापेक्षा अवघड होतं.

"सुटली बाई," त्या पुटपुटल्या.

"मोठ्यानं."

"सुटली, सुटली!"

आणि माझ्या मागून संगिता, जिला मी शंकेखोर वाटत होते ती, पोराला पुढं करत म्हणाली, "काकू, माझीबी."

"आमच्या पिंट्यावरचीबी," पुढून कुणीतरी ओरडलं.

"माह्या दोन्ही नातवांवरची, दोनदा म्हण!"

रांगेत हशा पिकला. लेकरं उचलून उचलून दाखवली जाऊ लागली. दारातला पोलीस धावत आला. "ओ बाई, प्रचार चालू आहे का? काय वाटून राहिले इथं?"

"वाटून न्हाई राहिलो, परत घेऊन राहिलो," आत्याबाई म्हणाल्या.

"जा गं भवान्यांनो, समद्यांची सुटली!" रूपाकाकूंनी दोन्ही हात झटकले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

आत गेल्यावर बोटाला शाई लावून घेतली आणि ठकीसकट पुठ्ठ्याच्या आडोशामागं उभी राहिले. आता मला कुणीही अडवणारं नव्हतं. समोर तीच नावं होती. एकावर माझा भरोसा नव्हता, दुसऱ्यावर त्याच्याहून जरा जास्त होता इतकंच, बाकीची मला माहीतही नव्हती. मत मोकळं झालं म्हणून माणसं काही बदलली नव्हती. ज्याला द्यायचं त्यानं निवडून आल्यावर दिल्लीला जाताना कोणता गमजा घातलेला असेल, ते मी सांगू शकले नसते. ठकीनं निळ्या बटणाकडं हात टाकला. मी तिची मूठ माझ्या मुठीत धरून ठेवली. तुझं नाही अजून, माय. थांब जरा.

मग मी माझं बटण दाबलं. लांब शिट्टीसारखा आवाज झाला आणि शेजारच्या काचेमागं चिठ्ठी आली. ती खाली पडेपर्यंत मी नजर हलवली नाही.

बाहेर सोमेश्वर लिंबाखाली थांबले होते. "काय, सुटल्या का मायलेकी? कुणाला दिलं?"

"तिला इचारू नको," आत्याबाई म्हणाल्या.

"बरं, तू कुणाला दिलंस ते सांग."

"मलाबी इचारू नको."

मी आत्याबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. काही कळलं नाही. त्यांनी ठकीला माझ्याकडून घेतलं, पदर तिच्या डोक्यावर ओढला आणि उन्हातून झपाझप घराकडं चालू लागल्या.