‘वाघडोहाची राणी’ आणि सोनूबाई

मी एक जुना सिनेमा आहे, मित्रांनो. आठ डब्यांत मावणारा, काळापांढरा. माझं नाव ‘वाघडोहाची राणी’. एके काळी माझा वाघ पडद्यावर गुरगुरला, की पुढच्या रांगेतली मुलं उठून मागे पळत.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात झाला, राजापूरजवळ अर्जुना नदीच्या काठी. मुंबईहून दोन ट्रक भरून मंडळी आली. सर्कशीतला एक वाघही आला, पण तो पार म्हातारा. दिवसभर झोपायचा. डरकाळी काही फोडेना. तेव्हा गावातल्या भागोजीने मातीच्या मडक्यात तोंड घालून अशी डरकाळी फोडली, की खरा वाघ दचकून उठून बसला. माझ्यात ऐकू येते ती भागोजीचीच डरकाळी.

खरा पेच पुढेच होता. नायिकेने उंच कातळावरून वेलीला धरून झोका घ्यायचा आणि खालच्या डोहात उडी टाकायची, असा प्रसंग होता. तिला पोहता येत नव्हतं, आणि तिच्याऐवजी उडी मारणारा माणूस तापाने फणफणला होता. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले. भागोजीची सतरा वर्षांची मुलगी सोनू मंडळींसाठी पाणी घेऊन आली होती. तिने कळशी खाली ठेवली.

“उडी मारायची ना? मी मारतंय. ह्याच डोहात पोवायला शिकलंय मी.”

वेल पक्की आहे की नाही, तेवढं भागोजीने दोनदा ओढून पाहिलं.

सोनूने उडी मारली. पाण्यातून वर आली, केस मागे सारले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. फक्त दोन सेकंदं. म्हणजे माझ्यावरची अठ्ठेचाळीस चित्रं. चेहरा नायिकेचा नाही हे कळूनही संकलकाने ते हसणं ठेवलं, इतकं ते त्याला आवडलं. “तुझं नाव पडद्यावर येईल,” असं दिग्दर्शक तिला म्हणाले होते. ते आलं नाही. माझ्या सुरुवातीला नऊ नावं होती. तिचं त्यांत नव्हतं.

मग मी तंबूतल्या सिनेमाबरोबर गावोगाव हिंडलो. मला चालवायचा नाटे गावचा केरू. राजापूरला खेळ लागला, तेव्हा सोनूचं सगळं गाव बघायला आलं. आणि मित्रांनो, त्याच दिवशी मी दगा दिला. उडी झाली, सोनूचं डोकं पाण्याबाहेर आलं आणि मी मशीनमध्ये फाटलो. केरूने फाटलेला भाग कापला, टोकं चिकटवली आणि चार मिनिटांत खेळ पुन्हा सुरू केला. पण ते हसणं गेलं.

“ती मीच हाय!” सोनू ओरडली.

“होय तर! आनि वाघ तुजा बापूस असंल!” मागून कोणीतरी म्हणालं, आणि अख्खा तंबू हसला.

खरं तर ते दोन्ही खरं होतं. पण मला कुठे बोलता येत होतं?

पुढे व्हिडिओ आला आणि तंबू बंद पडला. केरूने मला नाट्याला आपल्या घरी नेलं. दरवर्षी दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली, की तो डबे उघडायचा आणि प्रत्येक रीळ मऊ फडक्याने पुसायचा. तो गेल्यावर मी चौदा वर्षं माळ्यावर पडून होतो. समुद्राची दमट हवा मला खात राहिली. अंगाला आंबूस वास येऊ लागला. शेवटी केरूच्या मुलाने मला भंगारात द्यायचं ठरवलं.

पण केरूच्या सुनेने, तेजस्वीने, मोबाइलवर एक निरोप वाचला होता. कोणी ईशा नावाची मुलगी माझा शोध घेत होती. तेजस्वीने तिला फोन केला. “आमच्याकडे आहेत डबे. पण व्हिनेगरसारखा वास मारतोय. चालेल?”

“हात लावू नका, मी निघालेच!” ईशा म्हणाली. ती सोनूबाईची नात. आजीवर विश्वास ठेवणारी घरातली एकटीच.

मुंबईच्या प्रयोगशाळेत माझी दोन रिळं उघडताच तुकडे होऊन गेली. चौथ्या रिळाच्या डब्यात मात्र एक कागदी पुडी सापडली. केरूने कापलेली अठ्ठेचाळीस चित्रं त्याने जपून ठेवली होती. ती पुन्हा आपल्या जागी बसली.

गेल्या डिसेंबरात, सकाळी अकरा वाजता, राजापूरच्या एका सभागृहात मी पुन्हा लागलो. सुरुवातीला दहावं नाव होतं. उडी झाली. सतरा वर्षांची सोनू पाण्यातून वर आली आणि हसली. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेतल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सोनूबाईंकडे वळल्या.

सोनूबाई ईशाला मोठ्याने म्हणाल्या, “ह्याच्या आदी एक उडी मारलेली. ती जास्त चांगली झालेली. त्यांचंच कॅमेऱ्याचं मशीन बंद पडलं.”

या वेळी लोक हसले, ते टाळ्या वाजवत.

मित्रांनो, माझी दोन रिळं आता कोणालाच परत आणता येणार नाहीत. त्यांत कोण कोण होतं, हे सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. तुमच्या घरात जुने फोटो असतील, कॅसेटी असतील. ते सगळं कोरड्या जागी ठेवा, वर्षातून एकदा उघडून बघा. आणि कोणी म्हातारं माणूस बोट दाखवून “ती मी आहे” म्हणालं, तर हसण्याआधी त्याच्याशेजारी बसा आणि पुढचं विचारा.