धीराचा तास

परीक्षा जवळ आली की मास्तर धीराचा तास घेत. गाडी चालवायला शिकवणं वेगळं आणि धीर शिकवणं वेगळं, म्हणून त्याची फीसुद्धा वेगळी. ड्रायव्हिंग स्कूलच्या एवढ्याशा गाळ्यात खुर्च्या मांडायच्या, सगळ्यांनी डोळे मिटायचे, चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, चार आकडे मोजत सोडायचा, आणि शेवटी मास्तर प्रत्येकाच्या तळहातावर एक लिमलेटची गोळी ठेवणार. परीक्षेला निघताना ती चोखायची. काय तर म्हणे, भीती पळते! भीती कसली पळतेय? पळायची ती गाडी, आणि तीही पांढरी रेघ ओलांडून.

धाकटी मागच्या खुर्चीत डोळे सताड उघडे ठेवून बसली होती. मास्तर तिचे सख्खे मोठे भाऊ, त्यामुळे तिला फी माफ. बदल्यात शिकवणीची गाडी धुवायचं काम तिच्या गळ्यात. पुढे शिंपीकाका नाक फुगवून श्वास घेत होते. एरवी लोकांना ताठ उभं करून मापं घेणारा माणूस, इथे स्वतःच कुणीतरी माप घेत असल्यासारखा अवघडून बसला होता. धाकटीला त्यांचा राग आला आणि लगेच स्वतःचाही आला, कारण काका जितक्यांदा नापास झाले होते तितक्यांदाच तीही झाली होती.

"माणूस नापास का होतो?" मास्तरांनी विचारलं आणि नेहमीप्रमाणे उत्तरही स्वतःच दिलं. "घाबरटपणामुळे! स्टिअरिंग मी शिकवलं, गिअर मी शिकवला. पण काळीज? ते काय दुकानातून आणून देऊ?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कारण अनुभव प्रत्येकाचा तोच होता. सरावाला ब्रेक लोण्यासारखा दबायचा, गाडी अलगद रेघेवर उभी राहायची. परीक्षेच्या दिवशी त्याच गाडीत मास्तरांच्या जागी परीक्षा घेणारे साहेब येऊन बसले की ब्रेक दगड व्हायचा. पायातलं बळच गेलं, असं जो तो सांगायचा. साहेब पाय सीटखाली ओढून घेऊन बसायचे, गाडी रेघेपुढे गेली की कागदावर फुली मारायचे आणि "पुढचा" म्हणून हाक द्यायचे.

या खेपेला फुली बसली तर धाकटीचं कठीण होतं. हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत ती इस्त्रीच्या खोलीत काम करायची. त्या वाफेने तिला खोकला जडला होता, मनगटांवर चटक्यांचे डाग उठले होते. लॉन्ड्रीच्या व्हॅनचा ड्रायव्हर काम सोडून चालला होता. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "लायसन्स आण, व्हॅन तुझी. नाहीतर बाहेरचा माणूस घेईन, मग कुरकुर करायची नाही." उघडी खिडकी, कोरडी हवा आणि हातात स्वतःची गाडी, एवढंच तर हवं होतं तिला.

"तुझी आपली इस्त्रीच बरी बाई," वहिनी म्हणाली होती, वर हसून. "सगळ्यांना सगळं थोडंच जमतं?" मास्तरांची बायको शोभत होती अगदी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटी गाडी धुवायला बसली. नेहमी ती वरवर पाणी मारून मोकळी व्हायची, पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं आणि हातांना काम हवं होतं, म्हणून तिने आतले रबरी पायपुसही बाहेर काढले. शिकणाऱ्याच्या पायाखालचा चांगला धडधाकट होता. मास्तरांच्या पायाखालचा मात्र उजव्या टाचेच्या जागी पार झिजून भोक पडलेला.

चादर कुठे झिजली, काठ कुठे विरला हे दिवसभर बघणारी बाई ती. तिने वाकून आत पाहिलं. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याला आणि दुसरा मास्तरांना, वेळप्रसंगी वापरायला. शिकणाऱ्याच्या ब्रेकच्या रबरावरच्या रेघा नव्यासारख्या उभ्या होत्या. मास्तरांच्या ब्रेकचं रबर गुळगुळीत झालेलं, मधून लोखंड दिसत होतं.

वेळप्रसंगी म्हणे! धाकटी ओल्या हातांनी तशीच उकिडवी बसून राहिली.

दुपारी शेवटच्या सरावाला ती गाडीत बसली. गोदामांच्या मागच्या मोकळ्या पटांगणात मास्तरांनी चुन्याची रेघ मारून ठेवली होती. तिथे चिटपाखरू नव्हतं.

"दादा, चपला काढ आणि पाय वर घे," ती म्हणाली.

"काय?"

"सीटवर मांडी घालून बस."

"डोकं फिरलंय का तुझं? उद्या परीक्षा आहे!"

"म्हणूनच सांगतेय. उद्या साहेबही ब्रेकला पाय लावणार नाहीत."

मास्तर लालबुंद झाले. मग कसनुसं हसले, चपला काढल्या आणि पोट सावरत मांडी घालून बसले. एवढा मोठा मास्तर, पण पंगतीला पान कधी येतंय म्हणून बसलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता.

गाडी निघाली. रेघ जवळ आली. धाकटीने रोजच्यासारखा ब्रेक दाबला. दगड! तोच परीक्षेतला दगड. गाडी रेघ ओलांडून खुशाल पुढे गेली.

"ब्रेक! अगं ब्रेक!" मास्तर किंचाळले. मांडी सुटली, पाय खाली जाऊन फडफडला, एका हाताने त्यांनी दार धरलं आणि दुसऱ्याने चक्क बहिणीची बाही. धाकटीने सगळा जोर लावला तेव्हा गाडी थांबली.

तिचा श्वास अगदी सरळ चालला होता. आज परीक्षा नव्हती. साहेब नव्हते. ती घाबरली नव्हती. तरी ब्रेक कडक होता, कारण तो कडकच होता. इतके दिवस तिच्या पायाबरोबर दादाचा पाय दाबत होता, ती नुसता पाय टेकवत होती आणि समजत होती की मी थांबवतेय.

मास्तरांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"पहिल्याच वर्षी एका बाईने गाडी भिंतीत घातली," ते खालमानेने म्हणाले. "तेव्हापासून पाय आपोआप जातो. कळतही नाही मला."

"कळत नाही? पायपुसाला भोक पडलं, तरी कळत नाही?"

"कुणाला सांगू नकोस गं. गाळा बंद पडेल माझा."

पाय जातो म्हटल्यावर धाकटीला क्षणभर दया आलीही असती. भ्यायला काय, कुणीही भितं. पण स्वतःची भीती लोकांच्या गळ्यात घालायची, वर त्यांना घाबरट म्हणायचं, आणि त्या घाबरटपणावर वेगळी फी घेऊन गोळ्या वाटायच्या? शी! भाऊ म्हणायची लाज वाटावी असा माणूस. शिंपीकाका त्या खुर्चीत बसून स्वतःला शिव्या घालत होते. ती स्वतः वाफेत खोकत, मी भित्री, मी भित्री म्हणत चादरी दाबत होती.

"मांडी घाल," ती म्हणाली. "पुन्हा एकदा जायचंय."

ऊन उतरेपर्यंत ती रेघेवर जात राहिली. दर फेरीला मास्तर डोळे मिटत आणि पुटपुटत चार आकडे मोजत. शेवटी शेवटी गाडी रेघेशी अशी थांबायला लागली की चुना चाकाला लागू नये.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या मैदानावर बाकावर सगळी मंडळी गोळ्या चोखत बसली होती. मास्तर धाकटीजवळ आले, इकडेतिकडे पाहत त्यांनी तिच्याही हातावर गोळी ठेवली. त्यात धीर नव्हता, गप्प राहा अशी विनवणी होती. तिने ती खिशात टाकली. भीती वाटत होती तिला, नाही कशाला म्हणा. व्हॅन डोळ्यांसमोर होती. पण पायाला आता खरं काय ते माहीत होतं.

रेघ आली. साहेबांनी पाय सीटखाली ओढले. धाकटीने ब्रेक दाबला, चांगला दणकून, आणि गाडी रेघेवर उभी राहिली. साहेबांनी कागदावर सही केली आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "पुढचा."

पुढचे शिंपीकाका होते. डोळे मिटून चार आकडे मोजत होते. त्यांच्या शेजारी मास्तर उभे होते आणि धाकटीकडे बघून बारीक मान हलवत होते, नको, नको.

"काका, ते मोजणं सोडा," ती सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमच्या पायात बळ आहे. ब्रेकच कडक आहे. सरावाला अर्धा ब्रेक दादा दाबतो. तुम्ही दुप्पट जोराने दाबा."

बाकावरचं चोखणं थांबलं. एकेक करून सगळी तोंडं मास्तरांकडे वळली. काकांनी तोंडातली गोळी कागदात गुंडाळून बाकावर ठेवली आणि गाडीकडे गेले.

धाकटी कुंपणाशी जाऊन उभी राहिली. मास्तर तिथे येऊन थांबले, दुसरीकडे जायला त्यांना तोंड नव्हतं. गाडी संथ पुढे निघाली. रेघ जवळ येत गेली तसा मास्तरांनी कुंपणाचा बार घट्ट पकडला. धाकटीने खाली पाहिलं. मास्तरांची उजवी चप्पल मातीत रुतत चालली होती. ते जमीन दाबत होते.

तिकडे गाडी रेघेवर थांबली.

धाकटीने खिशातली लिमलेटची गोळी काढली आणि भावाच्या हातावर ठेवली.

"घे, चोख," ती म्हणाली. "बरं वाटेल."