अडीच माणसांची बेरीज

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. हसू नका! आता धुळीनं माझी बटणं चिकटतात, पण एके काळी केजकडच्या सहकारी साखर कारखान्यात मोठमोठे साहेब माझ्यापुढं खुर्ची ओढून बसायचे. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या याद्या मीच ठेवायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता. नाव नवऱ्याचं, आकडा एक. 'शहादेव, कोयता १.' त्याची बायको भिवराबाई माझ्या यादीत कधी आलीच नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढं दुष्काळ पडला, ऊस जळाला, कारखाना बंद झाला आणि मला शाळेत दिलं. तिथं दहावीतली शिवकन्या माझ्यापुढं बसली. शहादेवची पोर. तिची आई गेल्या हंगामात लांबच्या कारखान्याच्या उसाच्या फडातच वारली होती. एकट्या शहादेवला मुकादम कामावर घेईना. तो लेकीला म्हणाला, "एका विषयात जरी दांडी उडाली, तर दिवाळीनंतर माझ्यासंगं फडात चल. अर्धा कोयता कोण घेतंय?"

कॉम्प्युटरच्या प्रात्यक्षिकाची तिला लई धास्ती. गावात पाण्याचा टँकर आला की वर्ग रिकामा व्हायचा. ती मात्र हलायची नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी उत्तरेश्वर सरांनी घरातल्या माणसांचा तक्ता करायला लावला. बेरीज आली अडीच.

"अगं, अडीच माणसं कुठं असत्यात का?" सर हसले.

"आजी एक, मी एक," ती म्हणाली. "आन् आई गेल्यापासून बाप अर्धाच हाय, सर. मुकादम तसंच म्हणतो."

मला अंग असतं तर काटा आला असता! ही मोजणी माझीच. तेव्हापासून माझा पंखा फिरला की मला फडातले कोयते ऐकू येतात. नावं नसलेल्या बाया येऊन विचारतात, "आमी कुटं हाव?" मी काय सांगू त्यांना?

"माणूस म्हंजे एक," सर हळूच म्हणाले. "उद्या अर्धा लिहिलास तर मार्क गेले."

दुसऱ्या दिवशी नेमका तोच तक्ता आला. शहादेव १, आजी १, शिवकन्या १. मग तिनं चौथी ओळ घेतली. भिवराबाई. बोट एकच्या बटणावर थांबलं. माझा जीव टांगणीला लागला. एक लिहिला तर बेरीज चुकणार आणि पोर फडात जाणार. तिनं डोळे पुसले आणि शून्य लिहिलं. बेरीज तीन. बरोबर.

शिवकन्या पास झाली, शिकायला बीडला गेली. आता मला कुणी सुरू करत नाही, तरी त्या बाया येतातच. मित्रांनो, मला खुशाल भंगारात द्या, पण आधी एकदा सुरू करून ती चौथी ओळ कागदावर उतरवून घ्या. इतक्या वर्षांत भिवराबाईचं नाव मी एकदाच लिहिलं, आणि तेही शून्याशेजारी.