वडाच्या पानाचा कौल

कसबा बावड्यातल्या वडाखाली एवढी गर्दी लोटली, की चहाच्या गाड्यावरचे पेले संपून लोक करवंटीतनं चहा प्याले. निदान आकारामआबा तरी तसं सांगत सुटले होते. आबांच्या बोलण्यातलं निम्म्याला निम्मं धरावं, असा गल्लीचा रिवाज.

चमत्कार मात्र सगळ्यांनी बघितलेला. एरवी कौल लावला की देवावरचं पान गळून पडतं. इथं वडाखाली नव्यानं येऊन बसलेल्या पानबाबाचं वडाचं पान शेंदरी दगडावर चक्क चालायचं! उजवीकडं 'होय', डावीकडं 'नको'. तिन्हीसांजेला किर्र करून मंत्रही म्हणायचं.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. सोमवारी ऑपरेशन, लांबवलं तर अवघड, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वाघाला ऊस चारल्याच्या गोष्टी सांगणारा हा गडी सुईच्या नावानं मात्र गारठायचा. म्हणून कौल.

"सांग गं वडमाऊली," बाबानं सूर लावला, "म्हाताऱ्याचा डोळा कापू द्यायचा, का तुझ्या चिकाचं थेंब घालायचं?" आणि उदबत्त्यांचा जुडगा दगडाच्या उजव्या अंगाला धरला. पान डावीकडं निघालं.

"नको म्हणतंय!" गर्दीतनं ओरड आली. आबा हरखून पाया पडले ते शेजारच्या शालूबाईच्या.

"अवो आबा, बाबा तिकडं हाय!"

मागं उभी असलेली आबांची सून क्रांती शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं उदबत्त्या काढून घेतल्या आणि डाव्या अंगाला धरल्या. पान थबकलं, वळलं, उजवीकडं चालू लागलं.

"आता व्हय म्हणतंय की!" शालूबाई ओरडली.

"व्हय न्हाय आणि नको न्हाय. त्याला धूर सोसंना." क्रांतीनं पान दोन बोटांत उचललं. सहा पाय वळवळले, केसासारख्या लांब मिशा हलल्या. "नाकतोड्याच्या जातीतला किडा हाय हा. पंखावर शिरा, कुजक्या पानाचे डागसुद्धा! दिवसभर पान होऊन गप्प बसतो, पाखरं फसतात. अंधारलं की नर पंखावर पंख घासून मादीला हाका मारतो. हाच तुमचा मंत्र. आणि ह्याचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याखाली."

"ह्याचं कान गुडघ्यात," शालूबाई म्हणाली, "आन आबाची अक्कल!"

हसण्याच्या गदारोळात बाबा चपला सोडून पसार झाला. किडा उडाला तो आबांच्या नाकावर, आणि कचकन चावला.

"आबा, ह्यो कशाचा कौल?" शालूबाईनं विचारलं.

"ऑपरेशनचा," नाक चोळत आबा म्हणाले. "आन त्यो चीक घरात आणू नगा, हाय ती नजरबी जाईल."

डोळे बरे झाल्यावर आबा पुन्हा पारावर बसले. त्यांच्या गोष्टीतला किडा आता हातभर लांब झाला होता. पण गोष्ट संपवताना ते थापा आवरून सरळ म्हणाले, "माझ्या गोष्टींवर खुशाल हसा. पण दुखणं डॉक्टरलाच दावा, आन कुणी चमत्कार दावला तर आधी पानाला पाय हायत का बघा. मला मोतीबिंदू हुता, म्हणून दिसलं न्हाईत."

मग नव्या डोळ्यांनी एकेकाकडं बघत त्यांनी विचारलं, "तुमास्नी काय झालंतं?"